एकाचा परवाना, साऱ्यांचे घर

पेडणे महालात बंदूक ही काही नवलाची वस्तू नव्हे. डोंगरउतरणीवरील काजूची बागायत, वायंगणाचे शेत किंवा माडांचे भाट ज्यांच्या पदरी आहे, त्यांना रानडुकरांचा, गव्यांचा आणि माकडांचा उपद्रव सांगावा लागत नाही. एका रात्रीत डुकरांचा कळप शेतात शिरतो आणि चार महिन्यांचे कष्ट सकाळी चिखलात मिळालेले दिसतात. म्हणूनच पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांत पुष्कळ शेतकरी घराण्यांकडे ठासणीची अथवा काडतुसांची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे. कष्टकरी माणसाने आपल्या पिकाचे रक्षण करावे यात गैर काहीच नाही.

परंतु बंदूक पूर्वीचीच राहिली, तरी घर मात्र पूर्वीचे राहिले नाही. ज्या घरात एके काळी एकच कुटुंब, एकच चूल आणि एकच कर्ता पुरुष असे, त्या घरात आज तीन-चार बिऱ्हाडे नांदतात. पुढील दोन खोल्या समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांस, मागील पडवी परप्रांतांतून कामास आलेल्या मुलांस, आणि मधला भाग घरच्या माणसांस, अशी वाटणी मोरजी, मांद्रे, हरमल या गावांत सर्रास झाली आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यापासून भाड्याच्या खोल्यांची मागणी आणखीच वाढली. भाड्याने घर देणे हा प्रामाणिक व्यवसाय आहे, व त्यावर कित्येक कुटुंबांची मुले शिकली आहेत. तेव्हा तक्रार भाड्याविषयी नाही. प्रश्न इतकाच, की एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे असता, त्यांतील एकाच्या खोलीत बंदूक असेल, तर ती कोणाची, तिची जबाबदारी कोणाची, आणि ती ठेवावी कशी?

पुष्कळांची समजूत अशी, की परवाना आहे ना, मग झाले. ही समजूत अपुरी आहे.

परवाना घराला नव्हे, माणसाला

आपल्या देशात शस्त्रांसंबंधी मुख्य कायदा १९५९ चा असून त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर तो कायदा पुढे आपल्याकडेही लागू झाला. त्याचे पहिले तत्त्व असे, की परवाना व्यक्तीला मिळतो. घराण्याला किंवा घराला मिळत नाही. परवान्यावर एका माणसाचे नाव असते, त्याचा पत्ता असतो, आणि त्या एका हत्याराची नोंद असते. वय एकवीस वर्षांच्या खाली असेल तर बंदुकीचा परवाना मिळत नाही. परवाना मागणाऱ्याने शारीरिक व मानसिक प्रकृतीविषयी वैद्यकीय दाखला जोडावा, शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावे आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी, असे २०१६ चे नियम सांगतात. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका माणसास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

छऱ्यांच्या हवेच्या बंदुकीविषयीही घोटाळा आहे. साधी, लहान तोंडाची व कमी जोराची हवाई बंदूक परवान्याशिवाय ठेवता येते. परंतु तिच्या नळीचे तोंड साडेचार मिलिमीटरांहून मोठे असेल, किंवा तिचा जोर वीस ज्यूलच्या वर असेल, तर तिलाही परवाना लागतो. माकडे हाकण्यासाठी कोणीतरी आणून दिलेली बंदूक या दोहोंपैकी कोणती, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. कोयता, विळा ही शेतीची व घरकामाची हत्यारे मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांविषयी कोणी घाबरू नये.

परवाना व्यक्तीचा असल्यामुळे आपली बंदूक दुसऱ्याच्या हाती देणे हा गुन्हा ठरतो, हे आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे. बागायतीची राखण करणाऱ्या गड्याला ‘आज रात्रीपुरती घेऊन जा’ असे म्हणणे, अथवा शेजारच्या वाड्यावरील मित्राला दोन दिवस बंदूक देणे, हा शेजारधर्म नव्हे. ज्याच्या हाती ती दिली त्याला बाळगण्याचा अधिकार आहे की नाही, याची खात्री न करता देणारा स्वतः दोषी होतो; आणि घेणारा तर परवान्याविना बंदूक बाळगणारा ठरतो. त्यास किमान दोन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. गरीब गड्याला आपण कोणत्या संकटात लोटतो, याचा मालकाने विचार करावा.

सामाईक घराचे कलम

आता ज्या कलमासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. या कायद्याचे पस्तिसावे कलम सामाईक जागेविषयी आहे. त्याचा आशय असा : अनेकांच्या सामाईक ताब्यात असलेल्या घरात, वाहनात किंवा अन्य ठिकाणी एखादे शस्त्र सापडले, व त्या शस्त्रासंबंधी काही गुन्हा घडलेला असला, तर तेथे राहणाऱ्यांपैकी ज्यांना ते शस्त्र तेथे आहे हे माहीत होते असे मानण्यास कारण असेल, असा प्रत्येक जण तो गुन्हा जणू त्याने एकट्यानेच केला असल्याप्रमाणे जबाबदार धरला जातो. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचावे. परवाना चालू असेल, बंदूक परवान्याबरहुकूम ठेवलेली असेल, तर सोबतच्या बिऱ्हाडकरूंना भय नाही, कारण मुळात गुन्हाच नाही. परंतु समजा, एका घरात तिघे सोबती खोल्या वाटून राहतात. एकाजवळ वडिलार्जित बंदूक आहे. परवान्याची मुदत मागील वर्षी संपली, आणि कामाच्या धांदलीत नूतनीकरण राहून गेले. मुदत संपताच तीच बंदूक, त्याच कपाटात असूनही, बेकायदा झाली. आणि तिच्याविषयी ज्यांना ठाऊक आहे ते दोघे सोबती, बंदुकीला कधी बोटही न लावता, संशयाच्या जाळ्यात सापडले. एकाच्या विसरभोळेपणाचे प्रायश्चित्त तिघांच्या वाट्याला आले. परवाना एकाचा असतो. धोका मात्र साऱ्या घराचा असतो.

म्हणून सामाईक घरात राहणाऱ्या प्रत्येकाचे काही कर्तव्य आहे. सोबत्याजवळ बंदूक आहे असे कळले, तर ‘त्याचा तो पाहून घेईल’ म्हणून स्वस्थ बसू नये. परवाना चालू आहे का, हे मोकळेपणाने व सभ्यपणे विचारावे. ज्याचा परवाना चालू आहे त्याला तो दाखवण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आणि या कायद्याखाली गुन्हा घडला आहे हे कळल्यावर, योग्य कारणावाचून ते लपवून न ठेवता जवळच्या पोलीस ठाण्यास कळवणे हेही कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. ते चहाडी करणे नव्हे.

बिऱ्हाड बदलणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. परवान्यावरील पत्ता सोडून कायमचे, किंवा सहा महिन्यांहून अधिक काळासाठी, बंदुकीसह दुसरीकडे राहावयास गेल्यास, तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास कळवावे लागते. सावंतवाडीहून किंवा दोडामार्गाहून आपल्याकडे राहावयास आलेल्यांना, तसेच येथून तिकडे गेलेल्यांना, हा नियम लागू आहे. राज्याची सीमा चार कोसांवर असली, तरी ती सीमाच आहे.

घरमालकाचे काय? भाडेकरूंची माहिती पोलिसांस देण्याचा प्रघात आता आपल्या अंगवळणी पडला आहे. त्याच वेळी बंदुकीविषयी विचारून घ्यावे, व करारपत्रात त्याबद्दल एक ओळ घालावी : बंदूक आहे की नाही, असल्यास परवान्याची मुदत कोठवर आहे, आणि ती कोठे कुलपात राहील. तसेच मालकाची स्वतःची बंदूक घरात असेल, तर भाडेकरूलाही तसे सांगावे. न्याय दोन्ही बाजूंनी सारखा हवा.

वडिलांच्या मागे राहिलेली बंदूक

भाड्याच्या घराइतकेच आपल्याकडील वाटणी न झालेले वडिलोपार्जित घरही सामाईकच असते. गोव्याच्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे घरात मुलांचा व मुलींचा हिस्सा असतो. कित्येकदा वारसांपैकी एक मुंबईत, एक आखातात, एक जहाजावर, आणि घरात धाकटा भाऊ व दोन बिऱ्हाडे, अशी स्थिती असते. वडील देवाघरी जातात. जमिनीचे कागद शोधले जातात, बँकेचे पुस्तक पाहिले जाते. परंतु माळ्यावरची बंदूक कोणाला आठवत नाही. किंवा आठवली, तरी ‘बाबांची आठवण’ म्हणून ती तशीच राहते.

येथे ध्यानात ठेवावे, की घराचा हिस्सा वारसाने मिळतो, बंदुकीचा परवाना वारसाने मिळत नाही. परवानाधारकाच्या निधनानंतर ती बंदूक घरात ठेवून देण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि मग भावंडांनी एकमताने ठरवावे. एका वारसाला ती हवी असेल, तर त्याने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. नको असेल, तर रीतसर विकावी. वडील हयात असतानाही हे करता येते : परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, तर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. वृद्ध बापाने आपल्या हयातीतच हा प्रश्न सोडवला, तर मागे राहणाऱ्या विधवेवर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याची वेळ येणार नाही.

कुलूप एक, किल्ली एक

आता बंदूक ठेवावी कशी? शहाण्या देशांचा अनुभव पाहा. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे झालेल्या हत्याकांडानंतर सर्व राज्यांनी मिळून बंदुका कुलपात आणि दारूगोळा निराळ्या कुलपात ठेवण्याचा दंडक केला. जपानातही बंदूक आणि काडतुसे वेगवेगळी ठेवावी लागतात. या दंडकांमागील विचार साधा आहे : बंदूक व काडतूस एकत्र येण्यास जितका वेळ लागेल, तितका वेळ माणसाच्या रागाला शांत होण्यास मिळतो.

सामाईक घरासाठी नियम असे असावेत. पहिला, बंदूक रिकामी करूनच घरात आणावी. ठासणीच्या बंदुकीविषयी हे विशेष सांगावयास हवे. काडतुसाची बंदूक मोडून नळी पाहता येते. ठासणीची नळी भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही, आणि एकदा ठासलेला बार काढणे कष्टाचे असल्याने ‘उद्या लागेलच’ म्हणून ती भरलेलीच भिंतीला टेकवून ठेवण्याची वाईट सवय आहे. अशा भरल्या बंदुकीला लहान मुलाचा हात लागला, तर पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरा नियम, बंदूक भिंतीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात, परवानाधारकाच्या स्वतःच्या खोलीत असावी. सामाईक पडवीत, जिन्याखाली किंवा माळ्यावर नसावी. तिसरा, काडतुसे, दारू आणि केप निराळ्या कुलपात, चुलीपासून व गॅसपासून दूर, कोरड्या जागी असावीत. चौथा, किल्ली एकच व ती परवानाधारकाच्या अंगावर. किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली, की ती साऱ्या घराची झाली. पाचवा, साफसफाई बलकांवात पाच जणांच्या गराड्यात न करता खोलीचे दार लावून करावी, आणि दर वेळी बंदूक भरलेलीच आहे असे समजून तिचे तोंड माणसाकडे कधीही वळवू नये.

लपवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे नव्हे. घरातील मुलांना आईबापांच्या साऱ्या लपवण्याच्या जागा ठाऊक असतात. आणि सामाईक घरात केवळ आपलीच मुले नसतात, दुसऱ्यांचीही असतात. काही जण म्हणतात, बंदुकीचा गवगवा केल्यास चोरांना वर्दी मिळते. त्यात तथ्य आहे. म्हणून आमचे मत असे : एका छपराखाली राहणाऱ्या प्रौढ माणसांना घरात बंदूक आहे हे माहीत असावे; किल्ली कोठे आहे हे एकट्या परवानाधारकालाच माहीत असावे. आणि बंदूक चोरीस गेलीच, तर लाजेखातर दिवस न दवडता त्याच घटकेला पोलिसांस कळवावे.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास जड जाते. बंदुकीपासून घराला होणारा धोका बाहेरून येणाऱ्या चोराचाच असतो असे नाही. तो पुष्कळदा घरातल्याच दुःखातून येतो. घरात बंदूक असली म्हणजे आत्महत्येचा धोका वाढतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळून आले आहे. क्षणाची निराशा ओसरते, पण सुटलेली गोळी परत येत नाही. घरात कोणी कर्जाने, आजाराने किंवा वियोगाने खचला असेल, कोणी दारूच्या आहारी गेला असेल, नवराबायकोत किंवा भावाभावांत तेढ पडली असेल, तर कुलपावर विसंबून राहू नये. बंदूक काही काळ घराबाहेर जमा करून ठेवावी. त्यात कमीपणा नाही. ते प्रेमाचे कृत्य आहे.

रान आणि मतपेटी

परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि गवा तर सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीत आहे. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकास धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. त्या आदेशावाचून मारलेले डुक्कर पाच घरांत वाटले, म्हणजे गुन्हाही पाच घरांत नेऊन ठेवला. तसेच लग्नात वा उत्सवात हौसेने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

निवडणुकीच्या वेळी बंदुका जमा करण्याचा हुकूम निघतो, आणि शेतकऱ्यांची कुरबूर सुरू होते. ती सर्वस्वी निराधार नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली व गोव्यात ७ मे रोजी मतदान झाले. म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. ज्याची अडचण खरी आहे, त्याने छाननी समितीपुढे आपली बाजू मुदतीत व लेखी मांडावी. परंतु हुकूम कायम राहिल्यास बंदूक लपवू नये. निकालानंतर ती परत मिळते. आणताना परवान्याची तारीख पाहावी.

छपराचा कठडा

अनुवाद नामक ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांस एक अगदी साधी, सुताराने सांगावी अशी आज्ञा दिली आहे : नवे घर बांधणाऱ्याने छपराला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचाही न्याय आहे : बैल मारका आहे हे ठाऊक असून धन्याने त्याला आवरला नाही, तर बैलाबरोबर धनीही दोषी. दोन्ही ठिकाणी कोणाच्या मनात खून करावयाचा हेतू नाही. दोष निष्काळजीपणाचा आहे. तरीही देव त्याचा जाब मागतो. पाचवी आज्ञा केवळ हात उगारू नये एवढेच सांगत नाही. ज्याच्यामुळे शेजाऱ्याचा जीव धोक्यात येईल अशी वस्तू मोकळी टाकू नये, हेही तिच्या पोटात येते, असे ख्रिस्तसभा शिकवते.

आणि शेजारी म्हणजे केवळ आपल्या वाड्यावरचा नव्हे. पडवीत राहणारा, आपली भाषा न जाणणारा, दिवसभर राबून रात्री दमून झोपणारा परप्रांतीय मुलगा, तोही आपला शेजारी आहे. त्याने आपल्याला भाडे दिले; त्याबरोबर स्वतःचा जीवही विश्वासाने आपल्या छपराखाली ठेवला. भाड्याची पावती देतो, तसा या विश्वासाचाही हिशेब आपल्याला एके दिवशी द्यावयाचा आहे.

ज्यांच्या घरी बंदूक आहे, त्यांनी आज सायंकाळी रोझरीची प्रार्थना आटोपल्यावर तीन गोष्टी कराव्यात. परवाना काढून मुदत पाहावी. नळी रिकामी आहे ना, हे पाहावे. आणि किल्ली कोठे आहे, हे पाहावे. तीनपैकी एकीचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर उद्याचे पहिले काम तेच.